मराठी माशी

“मराठी माशी अशी दीड दिवसात मरत नाही, मिस तांबवेकर!”

डॉ. हसबनीस हे इतक्या जोरात ओरडले की व्हरांड्यात माझ्या टेबलावरचं टाचण्यांचं खोकं थरथरलं, असं लिहायचा मोह होतो. पण ते थरथरलं नाही. ते सरकारी अनुदानातून घेतलेलं खोकं होतं. अनुदानातल्या वस्तू कशानेच थरथरत नाहीत.

“मरते, सर,” आतून सुमेधा तांबवेकरचा आवाज आला. “अकरा गावच्या बाजारांतून मी स्वतः पकडून आणल्यात. केळीच्या गाड्यांवरून, गुऱ्हाळांवरून. काही खायला न देता ठेवल्या की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अर्ध्या गारद. फक्त आपल्या विभागातल्या बाटल्यांमधल्या माश्या पाच-पाच दिवस जगतात.”

“म्हणजे तुमच्या पकडण्यात काहीतरी हयगय आहे.”

“पकडण्यात?”

“माशी घाबरली की तिचं आयुष्य घटतं. हे शास्त्र आहे.”

मग धप्प असा आवाज झाला. पाच वर्षांचा प्रबंध साधारण असाच वाजतो. सुमेधा तो छातीशी धरून बाहेर आली आणि माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसली.

“सही नाही म्हणाले, भाऊसाहेब.”

मी तेव्हा एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात लिपिक होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. कॉलेज अजून आहे, आणि त्याला वकीलही आहे. लिपिकाला आमच्याकडे सगळे भाऊसाहेब म्हणत. त्या वर्षी एकतीस मार्चला सुमेधाच्या नोंदणीची मुदत संपत होती. त्याआधी मार्गदर्शकाची सही झाली नाही, तर पाच वर्षं पाण्यात. आणि मार्गदर्शक होते डॉ. मुकुंद हसबनीस, विभागप्रमुख.

हसबनीसांचा एक सिद्धांत होता. सिद्धांत असा की दख्खनच्या मातीने शतकानुशतकं दुष्काळ सोसले, माणसांनी सोसले तसे माश्यांनीही सोसले, आणि म्हणून उपासमार सहन करण्याचा गुण इथल्या फळमाशीच्या रक्तात उतरला. फळमाशी म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंगावते ती, चिलटाएवढी, लाल डोळ्यांची. पुरावा म्हणून ते विभागातल्या बाटल्या दाखवत. परदेशी माशी दोन दिवसांत आडवी, आपली पाचव्या दिवशीही काचेवर चढतेय! हे भाषण त्यांनी पुष्कळ ठिकाणी केलं होतं. एका साखर कारखान्याच्या सभेत तर अध्यक्षांनी डोळे पुसले. त्या वर्षी कारखान्याने सभासदांची ऊसबिलं थकवली होती. उपाशी राहूनही काचेवर चढता येतं हे ऐकून त्यांना भरून आलं असावं.

या भाषणांतूनच ‘दख्खनी माशी संशोधन केंद्रा’चा प्रस्ताव निघाला होता. इमारतीचा नकाशा मीच फाईलला लावला. त्यात संचालकांचं दालन होतं, दालनाला लागून विश्रांतिकक्ष होता, सभागृह होतं, सभागृहाबाहेर कारंजं होतं. माश्यांसाठीही एक खोली होती. प्रस्ताव तपासायला शुक्रवारी डॉ. वत्सला बोंद्रे येणार होत्या. सत्तरीच्या बाई, आयुष्य माश्यांत घालवलेल्या. आणि ऐन त्या आठवड्यात सुमेधाने सांगितलं की मराठी माशी जगातल्या कुठल्याही माशीइतकीच मरते.

त्या दिवशी साडेपाचला विभाग रिकामा झाल्यावर तिने मला हाक मारली. “भाऊसाहेब, पाच मिनिटं डोळा लावा.”

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“ही बाजारातली माशी. तिच्या पोटातल्या चरबीच्या पेशी आहेत या. आत चकाकणारे थेंब दिसतात?”

“थोडे.”

“आता ही आपल्या विभागातली.”

काचपट्टी बदलली. पेशी फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या आणि प्रत्येकीत थेंबांची नुसती दाटी. लग्नघरातल्या कोठीत तुपाचे डबे रचावेत तशी.

“हिला खायला जास्त मिळत असेल,” मी म्हणालो.

“मलाही तसंच वाटलं. म्हणून दोघींना पिढ्यान्‌पिढ्या एकाच पातेल्यातलं घातलं. फरक तसाच. मग त्यांची लग्नं लावली. बाजारातला नर, आपली मादी. मुलं मधलीच निघाली. नातवंडांत मात्र सगळे नमुने. काही आजीवर, काही आजोबांवर, बरीचशी अधलीमधली. म्हणजे ही एखाद्या जनुकाची करामत नाही. ठिकठिकाणची पुष्कळ जनुकं थोडाथोडा हातभार लावतायत.”

“म्हणजे रक्तातच आहे की. सर तेच म्हणतात.”

“रक्तात आहे, मातीत नाही. मातीत असतं तर केळीवाल्याच्या गाडीवरच्या माशीतही असतं. हे बाटलीत घडलंय, भाऊसाहेब.” तिने चष्मा काढून पुसला. “कोणीतरी ह्यांना उपाशी ठेवलंय. एकदा-दोनदा नाही, दर पिढीला, वर्षानुवर्षं. जिच्या पेशीत साठा कमी ती मेली, जिच्यात जास्त ती अंडी घालायला उरली. बास. माशीने काही ठरवलं नाही, मातीने काही शिकवलं नाही. उत्क्रांती पुस्तकात लाखो वर्षांची असते, इथे आपल्या मांडणीवर झालीय. फक्त उपाशी कोणी ठेवलं तेवढं सापडत नाही. ते सापडलं तर सरांना सही करावीच लागेल.”

मला ते त्याच क्षणी सापडलं होतं.

“चहा घेणार?” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या खोलीत गेलो. कोंडाबाई शेलार स्टोव्हवर माश्यांचा स्वयंपाक करत होती. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगर. वास असा की नवा विद्यार्थी हमखास विचारायचा, आज काय बेत आहे? विभागाचं मूळ वाण, म्हणजे मांडणीवरच्या त्या चाळीस बाटल्या, चौदा वर्षं एकट्या कोंडाबाईच्या ताब्यात होत्या. हसबनीसांनी विभागप्रमुख झाल्यापासून बाटलीला हात लावला नव्हता. हात बरबटतात.

“कोंडाबाई,” मी विचारलं, “दर पंधरा दिवसांनी तुम्ही माझ्याकडून कपाटाची किल्ली नेता, रिकाम्या बाटल्या काढता. त्या कशाला?”

तिने पळी थांबवली नाही. “दशमीला लागत्यात.”

“दशमीला काय करता?”

“सांजच्याला माश्या रिकाम्या बाटलीत घालती. कापसाचा ओला बोळा ठेवती. पानी चालतंय, निर्जळी न्हाई करत म्या. एकादस झाली की बारशीला सकाळी पारनं. जेवढ्या उरल्या तेवढ्या नव्या बाटलीत.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्यांचं पुरं झालं.”

कोंडाबाईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. खिडकीशेजारी दिनदर्शिका टांगलेली होती, आणि जुन्या वर्षांच्या दिनदर्शिका मांडणीवर बाटल्यांखाली अंथरलेल्या. तिने त्या एकेक ओढून दाखवल्या. लोकांच्या घरी दुधाचा खाडा मांडतात तसं तिने मांडलं होतं: उपास घडला त्या दिवशी गोल, सुतकामुळे हुकला तिथे फुली. चौदा वर्षं. महिन्याला दोन एकादश्या, आणि माशीची एक पिढी उभी राहायला साधारण पंधरा दिवस. परदेशात लोक असल्या प्रयोगाला मोठमोठी अनुदानं मागतात.

मी तिला सुमेधाचं सगळं सांगितलं. हेही सांगितलं की हे बाहेर आलं तर हसबनीस निष्काळजीपणाचा ठपका ठेवतील. तिच्या निवृत्तीला दोन वर्षं होती.

“पोरीची पाच वर्सं जात्यात म्हनता?”

“जातात.”

तिने स्टोव्ह बंद केला. चौदा दिनदर्शिकांची गुंडाळी केली, काखेत मारली, पदर नीट केला आणि थेट हसबनीसांच्या खोलीत शिरली. मी मागोमाग फाईल घेऊन. फाईल कुठलीही चालते. हातात असली की माणूस आत जाऊ शकतो.

हसबनीसांनी ऐकून घेतलं. आधी चेहऱ्यावर राग आला, मग भीती आली, आणि मग एक अशी शांतता आली की मला त्या दोन्हींपेक्षा तिचीच धास्ती वाटली.

“कोंडाबाई, हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?”

“कोनी न्हाई, सायेब.”

“नीट आठवा. मी सांगितलं होतं.”

“तुमी?”

“चौदा वर्षांपूर्वी.”

“चौदा वर्सामागं तुमी हितं न्हवतासा.”

“म्हणजे पत्राने कळवलं होतं.”

“मला वाचाया येत न्हाई, सायेब.”

“म्हणूनच तुमच्या लक्षात राहिलं नाही,” हसबनीस समजुतीने म्हणाले. “जा तुम्ही. शुक्रवारी पाहुण्यांसमोर यायचं नाही. कोणी विचारलंच, तर सायबांनी सांगितलं तसं केलं, एवढं म्हणायचं.”

ती गेल्यावर ते माझ्याकडे वळले. “घ्या लिहून, भाऊसाहेब. ‘फळमाशीतील उपासमार-सहनशीलतेची निवड: एक दीर्घकालीन प्रयोग.’ संकल्पना आणि मार्गदर्शन, डॉ. मुकुंद हसबनीस.”

“आणि दख्खनची माती, सर?”

“कसली माती? अहो, हे विज्ञान आहे!”

सात वर्षांचा सिद्धांत त्यांनी कोटावरचा दोरा झटकावा तसा झटकला. मग म्हणाले, “त्या मिस तांबवेकरची संकरांची प्रकरणं आणि पेशींची छायाचित्रं अहवालात घाला. विभागाची मालमत्ता आहे ती. तिला सांगा, मुदत संपू दे, पुढच्या वर्षी नव्याने नोंदणी कर. विषय मी देईन.” त्यांनी चालू वर्षाची दिनदर्शिका माझ्याकडे सरकवली. “शुक्रवारी पाहुण्या येतायत. त्या दिवशी काही आहे का?”

“एकादशी छापलीय, सर.”

“वा!” त्यांनी टाळी वाजवली. “प्रत्यक्ष प्रयोगच दाखवू.”

शुक्रवारच्या चौकटीत एकादशी छापली होती. मी तेवढंच सांगितलं. वरिष्ठांना न विचारलेली माहिती देऊ नये, हा लिपिकाचा धर्म मी नोकरीभर पाळला. त्या दिवशी तर फारच निष्ठेने पाळला.

दोन दिवस मी टंकन करत होतो. गुरुवारी सुमेधा माझ्या टेबलापाशी आली आणि यंत्रातल्या कागदाकडे बघत उभी राहिली. त्यावर तिचीच छायाचित्रं, तिचेच आकडे, आणि खाली हसबनीस.

“हे तुम्ही टाईप केलंत?”

“केलं.”

“कोंडाबाई स्वतःची नोकरी पणाला लावून आत गेली. आणि तुम्ही टाईप केलंत.”

माझ्याकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर बाटलीत मेलेल्या माशीच्याही वाट्याला येत नाही. मेलेल्या माशीची ती निदान नोंद तरी करत असे.

“उद्या अकराला प्रयोगशाळेच्या दारात थांबा,” मी म्हणालो. “प्रबंध घेऊन.”

“कशाला?”

“चहा आहे.”

शुक्रवारी डॉ. बोंद्रे आल्या. ठेंगण्या, सुती लुगड्यातल्या, पायात कॅनव्हासचे बूट. हारतुरे बाजूला ठेवून त्यांनी पहिला प्रश्न केला, “माश्या कुठे आहेत?” बरोबर प्राचार्य होते, संस्थेचे दोन संचालक होते. प्रयोगशाळेच्या मधल्या टेबलावर दहा बाटल्या ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर जांभळं मखमली कापड. ते गणेशोत्सवाच्या सामानातून मागवलं होतं. पावतीवर मीच सही केली.

हसबनीस अर्धा तास बोलले. चौदा वर्षांपूर्वी आपल्याला ही कल्पना कशी सुचली, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. “भारतीय पंचांगासारखं काटेकोर वेळापत्रक दुसरं नाही, मॅडम. माशीची पिढी पंधरा दिवसांची, एकादशीही पंधरा दिवसांनी. म्हटलं, हेच निवडीचं साधन! तेव्हापासून दर एकादशीला माझ्या सूचनेनुसार माश्यांना कडकडीत उपवास. एक दिवस चुकवलेला नाही.”

“स्वतः जातीने?” बोंद्रेबाईंनी विचारलं.

“प्रत्येक वेळी. आणि आपलं भाग्य बघा, आज एकादशी आहे! आज या माश्या पूर्णपणे उपाशी आहेत.”

त्यांनी कापड ओढलं.

दहाही बाटल्यांच्या तळाशी सकाळीच ओतलेलं ताजं, पिवळंधमक जेवण होतं. माश्या त्यावर पंगतीला बसल्या होत्या. इतक्या मन लावून, की उजेड पडला तरी एकीने मान वर केली नाही.

प्राचार्य खोकले.

“कोंडाबाई!” हसबनीस किंचाळले. “कोंडाबाई!”

दाराआडून कोंडाबाई आली. तिच्या मागे सुमेधा.

“हे काय? आज एकादशी ना? ह्यांना खायला कोणी घातलं? चौदा वर्षांचा प्रयोग नासवलात तुम्ही!”

कोंडाबाईने बाटल्यांकडे पाहिलं, मग सायबांकडे. तिला खरोखरच कळेना.

“सायेब, आज स्मार्त हाय. आमी माळकरी मानसं. आमची भागवत. उद्याच्याला.”

खोलीत फक्त माश्यांचं जेवण चालू होतं.

“काय?” हसबनीस म्हणाले.

“कधीमधी दोन येत्यात न्हवं का, लागोपाठ? आदल्या दिशी स्मार्त, दुसऱ्या दिशी भागवत. तुमाला दिल्या त्या समद्या कागदांवर बगा, दोन आल्यात तितं गोल दुसऱ्या दिशीच हाय. माश्या माझ्यासंगट धरत्यात. त्यांनी एकट्यांनी स्मार्त कशी धरायची?”

डॉ. बोंद्रे मी टाईप केलेला अहवाल चाळू लागल्या. तारखा मी जशाच्या तशा उतरवल्या होत्या. त्यांचं बोट दोन-तीन ठिकाणी थांबलं.

“हसबनीस,” त्या म्हणाल्या, “चौदा वर्षं तुम्ही स्मार्त सोडून भागवत धरलीत. कारण?”

“ते... सांख्यिकीय दृष्ट्या...”

“आणि आज एकदम पंथ बदललात?”

एक संचालक हसला आणि मग नाक शिंकरल्यासारखं करू लागला. बोंद्रेबाईंनी कोंडाबाईला जवळ बोलावलं.

“बाई, तुम्ही उपास करता ते समजलं. माश्यांना का घडवलात?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीही नाही. कोंडाबाईने पदराने हात पुसले.

“रोज हितं पोरं त्यास्नी औषध हुंगवून मारत्यात, बाई. शंभर-शंभर. टाकतीया मीच त्यास्नी. मुका जीव, ना नाव ना गाव. म्हटलं, मेल्यावर त्यांची गती काय? मानसाला निदान देवाचं नाव घेता येतंय. म्हनून म्हैन्याला दोन एकादशी घडू द्याव्यात. तेवढंच पदरी पडंल. सुटतील बाटलीतनं.”

बोंद्रेबाईंनी अहवालातलं छायाचित्रांचं पान उघडलं. मग म्हणाल्या, “हे संकर आणि पेशींचे काप कोणी केले?”

“ही पोर,” कोंडाबाई म्हणाली आणि सुमेधाला दंडाला धरून पुढे ओढलं. “पाच वर्सं राबतीया. सायेब सही देत न्हाईत.”

बोंद्रेबाईंनी प्रबंध हातात घेतला आणि खुर्चीवर बसून वाचायला लागल्या. पाऊण तास. बाकी सगळे उभे. बाहेर श्रीखंड-पुरीचं जेवण गार होत होतं. शेवटी त्यांनी प्रबंध मिटला आणि तो पहिल्या पानावर उघडून टेबलावर ठेवला.

“हसबनीस, पेन आहे?”

“आहे, मॅडम.”

“मग करा सही.”

त्यांनी सही केली.

केंद्र झालं नाही. कारंज्याचा खड्डा मात्र आधीच खणला होता. त्यात पुढे डास झाले. कोंडाबाईवर ठपका ठेवायची हसबनीसांना सोय उरली नाही, कारण ती जे करत होती ते त्यांच्या सूचनेनुसार, असं त्यांनीच लेखी दिलं होतं, टंकलेखन माझं. स्वतः हसबनीस प्राचार्य होऊन निवृत्त झाले, आणि त्यानंतरही तीन समित्यांवर होते. काही प्राणी अन्नावाचून तगतात, काही कामावाचून. दुसऱ्या जातीवर संशोधन झालेलं नाही.

सुमेधाचा शोधनिबंध दीड वर्षाने छापून आला. त्यावर दोन नावं होती: एस. तांबवेकर आणि के. शेलार. एक प्रत तिने टपालाने माझ्याकडे पाठवली. सोबत चिठ्ठी होती: “भाऊसाहेब, चहाबद्दल आभार. कोंडाबाईंना वाचून दाखवा.”

कोंडाबाई मागच्या खोलीत पातेलं घासत होती. मी तिला तिचं नाव दाखवलं. तिने त्यावरून ओलं बोट फिरवलं.

“आन्‌ खाली काय लिवलंय?”

“लिहिलंय, तुमच्या एकादशीचा गुण माश्यांना लागला.”

तिचा चेहरा उजळला. “सुटल्या म्हना की!”

मी खोटं बोलू शकलो असतो. चांगलं जमतं मला ते. पुढे त्यावरच वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात सदर चालवलं. पण तिच्यापुढे जमेना.

“नाही, कोंडाबाई. लिहिलंय की त्या जास्त जगतात.”

“जास्त? कुटं?”

“इथेच. बाटलीत.”

तिने मांडणीकडे पाहिलं. चाळीस बाटल्या, प्रत्येकीत माश्यांची गर्दी, सगळ्या ठणठणीत, काचेवर चढत होत्या, उतरत होत्या, पुन्हा चढत होत्या.

“अरं देवा,” कोंडाबाई म्हणाली. “हे काय करून बसले मी!”